टाचेखालचा कागद

मंदा, तू गेलीस आणि तुझ्या चपला कंपनीतल्या रॅकवरच राहिल्या. खालून दुसरा कप्पा, माझ्या कप्प्याच्या शेजारचा. माणूस घरी जातं ते चपला घालून जातं, इतकी साधी गोष्ट आहे. पण तू आपल्या दारातून बाहेर आलीच नाहीस. लाइनच्या सरकत्या पट्ट्याशेजारी मटकन बसलीस, मग आडवी झालीस, आणि एरवी कधी न उघडणाऱ्या मागच्या दाराने तुला स्ट्रेचरवरून थेट आवारात नेलं. तुझ्या पायात कंपनीचे पांढरे बूट होते. दवाखान्यातल्या खाटेवरसुद्धा तेच होते. डॉक्टर हार्टचं काहीतरी सांगत होते, तुझा मुलगा भूषण हमसून हमसून रडत होता, आणि मी आपली त्या बुटांकडे बघत बसले होते.

तुझ्या सुनेने मला विचारलं, मावशी, आई सारखं ते बाकडं बाकडं म्हणायच्या ते काय असतं? आता तिला काय सांगू? म्हटलं, औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत बाहेरची धूळ आत न्यायची नसते. म्हणून चेंज रूमच्या मधोमध एक बाकडं आडवं टाकलेलं असतं. अलीकडे आपलं जग, पलीकडे कंपनीचं. अलीकडे बसायचं, चपला काढायच्या, पाय उचलून पलीकडे टाकायचे आणि तिकडचे बूट घालायचे. चपलेचा तळवा पलीकडे लागता कामा नये आणि बुटाचा अलीकडे. ती म्हणाली, म्हणजे आई पलीकडे गेल्या त्या गेल्याच. तुझी सून दिसते त्यापेक्षा हुशार आहे गं, उगाच नावं ठेवायचीस तिला.

आपली ओळखही त्या बाकड्यावरचीच. उल्हासनगरला आमच्या बिल्डिंगला धोकादायक म्हणून नोटीस लागली होती तेव्हाची गोष्ट. जिन्यात प्लास्टर पडायचं. घरात सासूबाई एकट्या, आणि मी इथे अंबरनाथला गोळ्यांच्या पट्ट्या डब्यांत भरत उभी. डोक्यात एकच, आत्ता स्लॅब कोसळला असेल का. एक दिवस हात इतके थरथरायला लागले की माझ्यापुढे पट्ट्यांचा ढीग साचला आणि सरांनी लाइन बंद केली. मी बाहेर पळाले आणि बाकड्यावर बसून श्वास घ्यायला लागले, तो काही पुरेना. तू मागोमाग आलीस. तोवर आपण एकमेकींशी धड बोललोही नव्हतो. कंबरेवर हात ठेवून उभी राहिलीस, मला वाटलं आता भांडणार ही.

"अगो बाय," तू म्हणालीस, "आत बांगडी न्यायला बंदी, पिन न्यायला बंदी, मोबाईल न्यायला बंदी. मग ही काळजी कशाला आत नेतस? ती पन हितंच काढून ठेव ना!"

आणि पिशवीतून लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूची कापलेली एक पट्टी काढून माझ्या हातात दिलीस. बेलवलीला तुमच्याकडे लग्नसराईत पत्रिकांचा नुसता पाऊस, अख्ख्या गावाची आमंत्रणं. जाड, गुळगुळीत पत्रिका टाकवत नाहीत म्हणून तू त्या कातरून ठेवायचीस. एका बाजूला कुणातरी चिरंजीवांचं सोनेरी नाव, दुसऱ्या बाजूला तुझं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर: भूषणची नोकरी. गुडघा. पाहुणे आणि एकच गॅस.

एका पट्टीवर एकच काळजी लिहायची, घडी घालून चपलेत टाचेच्या जागी ठेवायची आणि पाय पलीकडे टाकायचे. सुटल्यावर चपला घालायच्या, कागद टाचेखाली तसाच ठेवून गेटपर्यंत चालायचं आणि तिथे काढून बघायचा. काळजी उरली नसेल तर फाडून टाकायची. उरली असेल तर घरी न्यायची आणि तिचं काहीतरी करायचं. दुसऱ्याचा कागद वाचायचा नाही. हे सगळं तू कुठून शिकलीस ते मी शंभरदा विचारलं. दरवेळी वेगळं उत्तर दिलंस, एकदा तर माहेरच्या म्हशीने शिकवलं म्हणालीस.

पहिल्या दिवशी मी लिहिलं, स्लॅब. हसू नकोस, पण पलीकडे गेल्यावर हात खरंच थांबले. ती काळजी संपली नव्हती, पण ती कुठे आहे ते मला माहीत होतं. बाहेर, चपलेत, माझी वाट बघत होती. आमच्या शेजारच्या सिंधी भाभीला सांगितलं तर ती म्हणाली, "अरी शोभा, कागज़ पे लिखने से छत थोड़ी टिकेगी?" तिचं बरोबर होतं. गेटवर कागद काढला की स्लॅब काही पुसलेला नसायचा. शेवटी एक दिवस तूच वैतागलीस. "रोज तोच कागद घरी नेतस. त्याचा कायतरी कर, नायतर लिवू नको." मग आम्ही अंबरनाथला भाड्याची खोली बघितली. ती खोली तुझी आहे, मंदा. भाडं आम्ही भरतो, पण ती तुझ्यामुळे मिळाली. हे तुला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगून तुला चढवायची सोयही उरली नाही.

आपलं भांडण वेगळ्याच गोष्टीवरचं होतं. माझी आई म्हणायची, वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मला ते लहानपणापासून पटलेलं, आणि बोलण्यापेक्षा लिहिणं तर आणखी पक्कं. म्हणून मी लहानसहान काळज्या लिहायची आणि खऱ्या भीतीला हात लावायची नाही. तुला ते कळायचं. तू म्हणायचीस, "वास्तूला काय वाचता येतं? शाळेत गेली काय ती?" मी म्हणायची, थट्टा नको. मग तू तुझं ते ठरलेलं वाक्य टाकायचीस, "खोटं लिवलंस तर चप्पल चावंल." रिक्षात बसल्यावरही आपली जुंपलेली असायची आणि शेअरिंगच्या रिक्षातला चौथा माणूस आपल्या तोंडांकडे बघत राहायचा.

गेल्या काही महिन्यांत तू बाकड्यावर जास्त वेळ बसायला लागली होतीस. एक हात दुसऱ्या दंडावर दाबून. मी म्हटलं डॉक्टरांना दाखव. तू म्हणालीस, गॅस हाय. मी पुन्हा म्हटलं. तू म्हणालीस, सासू होऊ नको. रोज सकाळी पट्टी हातात घेतली की माझ्या मनात एकच वाक्य यायचं, मंदाला काही होईल का? ते मी एकदाही लिहिलं नाही. तुझं नाव काळजीच्या कागदावर घालायचं नाही, असं मी ठरवलंच होतं. मी लिहायची, दूध नासलं. मी लिहायची, रिक्षांचा संप. तुला वाचवत होते मी, माझ्या परीने.

आणि तरीही झालं ना गं.

तू गेलीस त्या सकाळी मला उशीर झाला होता. मी आले तेव्हा तू पलीकडे टोपी घालत होतीस आणि तुझ्या चपला कप्प्यात होत्या. म्हणजे तू काय लिहिलंस ते मी पाहिलं नाही. नंतर तेच मला छळायला लागलं. तुझ्या टाचेखाली कागद असणार, तुझी शेवटची काळजी. तुला ठाऊक होतं का? दंड दुखतोय असं लिहून, घडी घालून, तू मुकाट्याने पाय पलीकडे टाकलेस का? कमलमावशी तिथली लादी पुसते, ती म्हणाली, मी हात लावणार नाही. बाकीच्या बायकाही त्या कप्प्याकडे पाठ करून चपला काढायला लागल्या.

मी परत कामावर आले त्या दिवशी तुझ्या चपलांची तोंडं भिंतीकडे होती, तू नेहमी ठेवायचीस तशी. दोन दिवसांनी तोंडं बाहेर झाली. मी आधी ओरडले. कोणी केलं म्हणून एकेकीला विचारलं, सरांनासुद्धा विचारलं, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली. कमलमावशी फडका पिळत हळूच म्हणाली, "मी पुसायला आले तेव्हा अशाच होत्या. शोभा, तिला सांग ना घरी जा म्हणून. तुझंच ऐकायची ती."

त्यानंतर आवाज सुरू झाला. तुझ्या डाव्या चपलेचा पट्टा मोच्याने जरा सैल शिवला होता, त्यामुळे तुझी चाल लांबूनही ओळखू यायची, एक पाऊल मुकाट आणि एक चट्. तो आवाज मला आत ऐकू येऊ लागला. आत, मंदा, जिथे कुणाच्याच पायात चपला नसतात. लाइनचा पट्टा चालू, यंत्रांची घरघर, आणि माझ्या पाठीमागून मुकाट, चट्, मुकाट, चट्. लाइनच्या टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा. मी वळून बघितलं की थांबायचा. आणि टाचेखाली काहीतरी असल्यासारखं वाटायचं. बुटात, उजव्या टाचेखाली, जाड कागदाची घडी असते तसं. मी दोनदा बूट काढून पाहिला, आत काही नव्हतं. मला तुझी भीती वाटली हे तुला आवडणार नाही, पण वाटली. इतकी वर्षं एका डब्यातलं जेवलो आणि मला तुझी भीती वाटली.

मग बाकड्यावर माझेच पाय उचलेनात. अलीकडे बसायची आणि तशीच बसून राहायची. लिहायचं तर सुटलंच होतं, पट्टी हातात घेतली की बोटं कोरडी पडायची. सगळ्या काळज्या घेऊनच मी आत जात होते, आणि एक दिवस जाताच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सर वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "शोभाताई, मला समजतं. पण लाइनवर दोन माणसं कमी आहेत. उद्यापण असंच झालं तर मला दुसरी बाई घ्यावी लागेल." माझी नोकरी गेली तर ती खोली गेली, आणि खोली गेली तर सासूबाईंना घेऊन परत त्याच स्लॅबखाली जावं लागणार.

त्याच दुपारी भूषणचा फोन आला. तुझ्या सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. तेराव्याला नव्या चपला आणि छत्री दान द्यायची ती देणारच, पण जुन्या कुठे आहेत असं त्या सारखं विचारत होत्या. परक्या दारात चपला राहिल्या की माणूस तिथेच घुटमळतं, असं त्यांचं म्हणणं. "मावशी, माझा नाय विश्वास," भूषण म्हणाला, "पन आजी जेवत नाय. तुम्ही आनाल काय?" मी हो म्हटलं, उद्या सकाळी गेटवर ये म्हटलं. त्याला आवाजाचं काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन आले. पाळी सुरू व्हायला अवकाश होता, चेंज रूममध्ये फक्त कमलमावशी. चपला उचलून पिशवीत टाकायच्या, एवढंच काम. मी वाकले आणि माझ्या लक्षात आलं, की पिशवीत टाकून नाही चालणार. कागद टाचेखाली घेऊन गेटपर्यंत चालायचं असतं. तुझ्या काळजीवर पाय देऊन कुणीतरी चालायला हवं होतं, आणि तू तर येणार नव्हतीस. कमलमावशी म्हणाली, "अगं ए, गेलेल्या माणसाच्या चपला घालू नयेत!" मला ते ठाऊक नाही का? मी घातल्या.

गार होत्या. माझ्या पायाला जरा मोठ्या. टाच खोलगट जागेत बरोबर बसली आणि तिथे कागद होता. मला तो लागला, मंदा, मी शपथ घेऊन सांगते, प्रत्येक पावलाला त्याची कड लागत होती. चेंज रूमच्या बाहेर, रसायनाच्या पिंपांजवळून, वॉचमनच्या केबिनवरून. मुकाट, चट्, मुकाट, चट्. आता तो आवाज माझ्याच पायाखालून येत होता. माझ्या मानेवर काटा उभा राहिला होता, पण मी मागे वळले नाही. चल, म्हणत होते, चल गं, आलंच गेट.

भूषण बाहेर मोटारसायकलवर बसला होता. त्याचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं आणि तो उतरून उभाच राहिला. मी कठड्याला धरून उजवी चप्पल काढली. तुझा कागद वाचायचा नाही, न बघता फाडायचा, असं मी घोकत आले होते. आत हात घातला.

काही नव्हतं. दुसरीतही नव्हतं. फक्त तुझ्या टाचेचा खळगा, काळा, गुळगुळीत.

"काय झालं, मावशी?"

"अरे, कागद नाही. तुझी आई रोज मनातली काळजी लिहून टाचेखाली ठेवायची. त्या दिवशी तिने लिहिलंच नव्हतं."

तो चपला हातात घेऊन उलटसुलट करत राहिला. मग त्याचा चेहरा सैल झाला. "म्हणजे आईला त्या दिवशी कसला टेन्शन नव्हता," तो म्हणाला. "बरं झालं. मना तेच वाटत व्हतं सारखं, की ती कायतरी मनात घेऊन गेली." आणि छातीशी चपला धरून तो रस्त्यातच रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, हो रे बाबा, तसंच असेल.

तसंच असेल ना? की तू ती काळजी आत घेऊन गेलीस? सगळ्या जगाला अलीकडे ठेवायला लावणारी तू, तुझी स्वतःची तेवढी एक तू लिहू शकली नाहीस का, माझ्यासारखीच? मग आपण दोघी एकाच बाकड्यावर शेजारी शेजारी बसून एकच गोष्ट न लिहिता उठत होतो. तू माझ्याशी इतकं भांडलीस, आणि तुझीही तीच गत? मला याचा राग येतो, आणि त्या रागातच तुझी इतकी आठवण येते की काय सांगू. भूषणला मी यातलं काही बोललेले नाही, बोलणारही नाही.

तो गेला, आणि मी अनवाणी परत आत आले. त्या दिवशी बाकड्यावर बसले आणि पाय उचलून पलीकडे टाकले. सहज गेले. बुटात काही बोचलं नाही. पट्टा सुरू झाला आणि मी कान टवकारून उभी राहिले. एक तास, दोन तास. डब्या भरत होते आणि ऐकत होते. यंत्रांची घरघर होती, बायकांचं बोलणं होतं, पण मागून कुणी चालत नव्हतं. दुपार झाली तरी नाही. तेव्हा मला कळलं की मला तो आवाज हवा होता. भीती वाटत होती तरी हवा होता. तुला घरी पोचवायच्या नादात मी तुला घालवून बसले.

काल सकाळी पिशवीत तळाशी तू दिलेली एक पट्टी सापडली. मागे कुणा आयुष्मतीचं अर्धं नाव. बाकड्यावर बसून तिच्यावर लिहिलं, मंदाला तिकडे एकटं वाटत असेल का? तुझं नाव लिहिलं, पहिल्यांदा. घडी घातली, चपलेत ठेवली आणि आत गेले. दिवसभर हात थरथरले नाहीत. सुटल्यावर कागद टाचेखाली घेऊन गेटपर्यंत आले, काढून उघडला, वाचला. वाचताना मलाच कसंतरी झालं. तुझी कसली काळजी? तू तर जाशील तिथे चार बायका गोळा करशील, त्यांना पट्ट्या कापून देशील, आणि सासू होऊ नका म्हणून दम भरशील.

पर्समधून पेन काढलं. ते वाक्य खोडलं आणि खाली खरं ते लिहिलं, मला एकटं वाटतं. आणि तिथेच कठड्याशी उभी राहून रडले, तू गेल्यापासून पहिल्यांदा, लहान पोरीसारखी, नाक ओढत. एक रिक्षा येऊन थांबली. आत तीन माणसं होती, एक जागा रिकामी. रिक्षावाल्याने जरा वेळ वाट पाहिली, मग म्हणाला, "ताई, स्टेशन चलना है क्या?" मी मान डोलावली आणि कागद मुठीत घेऊन रिक्षात बसले.